आधी प्रत, मग चावी, मग कुलूप : संगणकातल्या खासगी फाइल कशा जपाल?

नांदेड आणि लातूरच्या वाचकांकडून एकाच धाटणीचे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. "लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय, त्यात घरातल्या सगळ्यांचे आधार-पॅन आहेत. पासवर्ड आहे, म्हणजे ते सुरक्षित आहेत ना?" "फोल्डर हाइड करून ठेवलंय, तेवढं पुरेल का?" "मदरबोर्ड बदलून आणला आणि आता संगणक ४८ आकडी नंबर मागतोय. तो कुठून आणू?" पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही' एवढेच उत्तर आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवायचे असते. तिन्ही प्रश्न एन्क्रिप्शनशी जोडलेले आहेत, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

हा विषय आपल्या भागात घरोघरी आला आहे. लातूर-नांदेडला नीट-जेईईची तयारी करणाऱ्या मुलामागे गुणपत्रिका, जात वैधता, नॉन-क्रीमिलेयर, डोमिसाइल अशी फाइलींची रांग लागते. मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला, आणि वंशावळी, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, निझामकाळातील नोंदींचे स्कॅन घराघरांतल्या संगणकांत साठू लागले. सातबारा, पीक विमा, बँक पासबुक आहेतच. बहुतेक घरांत हे सगळे 'डी' ड्राइव्हवरच्या एकाच फोल्डरमध्ये उघडे पडलेले असते.

विंडोजचा पासवर्ड पुरत नाही, तो का?

लॅपटॉप दुरुस्तीला गेल्यावर काय होऊ शकते ते पाहा. कारागीर मागचे स्क्रू काढतो, एसएसडी किंवा हार्डडिस्क बाहेर काढतो, यूएसबी केसमध्ये घालून आपल्या संगणकाला जोडतो. काही मिनिटांत तुमची डिस्क त्याच्या स्क्रीनवर 'एफ' ड्राइव्ह म्हणून उघडते आणि 'मुलांची कागदपत्रे' हा फोल्डर समोर येतो. विंडोजचा पासवर्ड मध्ये कुठेच आडवा येत नाही. तो पासवर्ड तुमच्या विंडोजमध्ये शिरण्यापुरता असतो. डिस्कवरच्या फाइल जशाच्या तशा वाचता येतात. डाटा वाचवण्यासाठी प्रामाणिक कारागीरही हेच करतो. अडचण एवढीच की चोरालाही हेच करता येते.

एन्क्रिप्शन केले की फाइलमधला मजकूर चावीशिवाय अर्थ लागणार नाही अशा रूपात डिस्कवर जातो. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी वाचण्यासारखे काही सापडत नाही.

त्याच्या मर्यादाही सुरुवातीलाच ओळखून घ्या. एन्क्रिप्शन पुढील गोष्टींपासून वाचवते:

- लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्ह चोरीला जाणे, बसमध्ये विसरणे
- दुरुस्तीच्या वेळी फाइलींची नक्कल होणे
- जुना संगणक विकल्यावर त्यातून डाटा परत काढला जाणे

पुढील गोष्टींपासून ते वाचवत नाही:

- संगणक चालू आणि उघडा असताना कोणी समोर येऊन बसणे
- व्हायरस, आणि फाइली अडवून खंडणी मागणारे रॅन्समवेअर
- ओटीपी सांगून झालेली फसवणूक किंवा बँक व्यवहारांच्या यंत्रणेत झालेली घुसखोरी

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये ऑनलाइन लांबवले गेले, तेव्हा सारा जिल्हा हादरला होता. तसा हल्ला तुमच्या घरच्या डिस्कवरच्या एन्क्रिप्शनने थांबत नाही. त्यासाठी वेगळी सावधगिरी लागते. प्रत्येक धोक्यावर हाच उपाय आहे असे समजून बसू नका.

कामाचा क्रम : प्रत, चावी, कुलूप

एन्क्रिप्शनमुळे कधी कधी मालकच बाहेर अडकतो, आणि त्याचे कारण बहुधा उलटा क्रम असते. लोक उत्साहाने कुलूप लावतात, मग चावी शोधतात, आणि प्रत घ्यायची राहून गेल्याचे शेवटी लक्षात येते. तुम्ही पुढचा क्रम पाळा.

१. आधी प्रत. महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. शक्य असेल तर आणखी एक प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरांबरोबर कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली. एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती ही खरी दुसरी प्रत होत नाही.

२. मग चावी. पासवर्ड आणि रिकव्हरी की (संगणक अडल्यावर मागतो तो ४८ आकडी नंबर) कागदावर लिहा किंवा छापा. पाकिटात घालून घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची फाइल करून ठेवू नका, आणि पाकीट लॅपटॉपच्या बॅगेत टाकू नका.

३. शेवटी कुलूप. वरची दोन्ही कामे झाल्यावरच एन्क्रिप्शन चालू करा; रिकव्हरी की ते चालू करतानाच मिळत असेल, तर पुढे जाण्याआधी ती त्याच पाकिटात ठेवा.

बाहेरच्या हार्डडिस्कवरची प्रत उघडी राहिली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तीही पुढे एन्क्रिप्ट करायची आहे.

तुमच्या संगणकात कोणती सोय आहे?

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे विंडोजची आवृत्ती दिसते, होम की प्रो. पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

विंडोज होम असेल तर

- विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' → 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' पाहा. तो पर्याय दिसत असेल तर तुमच्या यंत्रात सोय आहे.
- ते आधीच चालू असू शकते. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने घातलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केले की बऱ्याच यंत्रांवर ते आपोआप चालू होते.
- पर्याय दिसतच नसेल तर पुढे दिलेला व्हेराक्रिप्टचा मार्ग घ्या.

विंडोज प्रो असेल तर

- स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधा, 'सी' ड्राइव्हसमोर 'टर्न ऑन बिटलॉकर' दाबा.
- रिकव्हरी की कुठे ठेवायची असे विचारले जाईल. मायक्रोसॉफ्ट खाते, वेगळा पेन ड्राइव्ह आणि छापील कागद यांपैकी निदान दोन ठिकाणी ठेवा.
- 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह' असा प्रश्न येतो. संगणक वापरात असलेला असेल तर संपूर्ण ड्राइव्ह निवडा. पुसलेल्या फाइलींचे अवशेष रिकाम्या दिसणाऱ्या जागेत शिल्लक असतात.
- मोठ्या डिस्कला काही तास लागतात. मध्येच वीज गेली तर बिटलॉकर पुन्हा चालू झाल्यावर पुढचे काम करते. तरीही भारनियमनाच्या वेळेत हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसला जोडलेला ठेवा.

मॅक किंवा लिनक्स असेल तर

मॅकमध्ये 'फाइलव्हॉल्ट' ही सोय सेटिंग्जमध्येच मिळते. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय नव्याने घालतानाच निवडावा लागतो.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर कितीही मजबूत कुलूप लावले तरी व्हायरसला वाट उरते. यंत्रावर विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जा. क्रॅक केलेले विंडोज असेल तर ते आधी बदला.

'डी' ड्राइव्ह विसरू नका

आपल्याकडे बहुतेक दुकानदार संगणक देतानाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून देतात. विंडोज 'सी'वर असते, आणि फॉरमॅट मारला तर डाटा जाऊ नये म्हणून आपण सगळी कागदपत्रे 'डी'वर ठेवतो. बिटलॉकर मात्र प्रत्येक ड्राइव्हला वेगळे चालू करावे लागते. केवळ 'सी' एन्क्रिप्ट करून निश्चिंत झालेल्यांची कागदपत्रे 'डी'वर उघडीच असतात. 'धिस पीसी' उघडा आणि प्रत्येक ड्राइव्हच्या चित्रावर कुलपाची खूण आहे का ते पाहा.

तुमची चावी दुकानदाराच्या खात्यात तर नाही ना?

नवा लॅपटॉप अनेकदा दुकानातच चालू करून दिला जातो. त्या वेळी मायक्रोसॉफ्ट खाते मागितले जाते. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते, म्हणून काउंटरवरचा मुलगा आपला किंवा दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. त्यानंतर एन्क्रिप्शन आपोआप चालू झाले, तर रिकव्हरी की त्या ईमेलच्या खात्यात जाऊन बसते. दोन वर्षांनी संगणकाने ४८ आकडे मागितले की दुकान बंद झालेले असते किंवा तो मुलगा पुण्याला गेलेला असतो.

आजच हे तपासा:

- सेटिंग्ज → 'अकाउंट्स' मध्ये कोणाचा ईमेल दिसतो?
- तो तुमचा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन तुमच्या उपकरणाची रिकव्हरी की दिसते का ते पाहा. ती कागदावर उतरवा.
- तो दुसऱ्याचा असेल, तर आधी सगळ्या फाइलींची प्रत घ्या. मग एन्क्रिप्शन बंद करा, स्वतःचे खाते जोडा, परके खाते काढा आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा.

घरच्या भाच्या-पुतण्याने आपला ईमेल टाकून दिला असेल, तरी हेच करा. भरवशाचा प्रश्न नाही. चावी मालकाच्या हातात असली पाहिजे.

फक्त काही फाइलींना कुलूप लावायचे असेल तर

घरातला संगणक चौघे वापरत असतील, किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनची सोय नसेल, तर व्हेराक्रिप्ट हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते एक मोठी फाइल तयार करते. पासवर्ड दिला की ती फाइल वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

१. व्हेराक्रिप्ट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले घालू नका.
२. 'क्रिएट व्हॉल्यूम' → 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' → 'स्टँडर्ड' निवडा.
३. जागा निवडून नवे नाव टाइप करा. इथे आधीपासून असलेली एखादी फाइल निवडली तर ती पुसून तिच्या जागी कंटेनर तयार होतो. लोकांची मूळ कागदपत्रे याच पायरीवर जातात.
४. 'एईएस' हा पर्याय आहे तसाच ठेवा.
५. आकार ठरवा. स्कॅन केलेल्या पानाची पीडीएफ साधारण एक-दोन एमबीची असते, त्यामुळे एका कुटुंबाला पाच जीबी भरपूर होतात.
६. पासवर्ड द्या, सांगितले तेवढा वेळ माउस फिरवा, 'फॉरमॅट' दाबा. इथे डिस्क फॉरमॅट होत नाही, फक्त ती नवी फाइल तयार होते.
७. वापरताना एखादे अक्षर निवडा, फाइल निवडा, 'माउंट' दाबा. काम झाले की 'डिसमाउंट' दाबा. नव्या आवृत्तीत तिथे 'अनमाउंट' असे लिहिलेले असते.

फाइली आत टाकताना नक्कल करून मूळ प्रत बाहेर सोडू नका. रीसायकल बिन रिकामा करा, डाउनलोड्स फोल्डरही पाहा. एसएसडीवरून पुसलेल्याचा पुरता माग काढून टाकता येईलच असे नसते, म्हणून यंत्रात सोय असेल तर संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणे केव्हाही बरे.

एखादी फाइल कोणाला पाठवायची असेल तर

सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. फाइलवर राइट क्लिक, 'ॲड टू अर्काइव्ह', प्रकार 'सेव्हन-झेड', पासवर्ड, आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण. साधी झिपच हवी असेल तर पद्धत 'एईएस-२५६' निवडा. आधीपासून निवडलेली जुनी पद्धत कमकुवत आहे. फाइल ईमेलने पाठवली तर पासवर्ड फोनवर सांगा. दोन्ही एकाच व्हॉट्सॲप चॅटमध्ये टाकू नका.

वर्ड, एक्सेल आणि टॅली

- वर्डमध्ये फाइल → इन्फो → 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' → 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. एक्सेलमध्ये हाच पर्याय 'प्रोटेक्ट वर्कबुक'खाली आहे.
- एक्सेलमधले 'प्रोटेक्ट शीट' हे एन्क्रिप्शन नाही. त्याने फक्त चुकून होणारे बदल थांबतात. पगारपत्रकाला एवढेच करून थांबला असाल तर ते उघडेच आहे.
- अडत, कापड, खत-बियाणे अशा व्यापारातले लोक टॅलीतली 'टॅलीव्हॉल्ट' ही सोय वापरू शकतात. तिने कंपनीचा डाटा एन्क्रिप्ट होतो. तिचा पासवर्ड हरवला तर डाटा परत मिळत नाही, म्हणून तो मालकाकडेही लिहिलेला असावा. फक्त मुनीम किंवा अकाउंटंटकडे नको.

आधारची पीडीएफ 'पासवर्डवाली' आहे, ती सुरक्षित का नाही?

डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष असा असतो. तुमच्या आधारची एक झेरॉक्स ज्याच्याकडे आहे, त्याला तो पासवर्ड ठाऊक आहे. त्यामुळे ई-आधारला उघडी फाइल समजा आणि एन्क्रिप्ट केलेल्या जागेतच ठेवा. द्यायची वेळ आली तर, चालत असेल तिथे, शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार द्या. डिजिलॉकरमध्ये मिळणारी कागदपत्रे कायद्याने मूळ कागदासारखीच ग्राह्य आहेत. तिथे जी मिळतात, त्यांच्या प्रती संगणकावर साठवायची गरजच काय ते एकदा पाहा.

पासवर्ड कसा निवडावा

कुलूप कितीही भारी असले तरी पासवर्ड ओळखीचा असेल तर उपयोग नाही. पुढील गोष्टी टाळा:

- एमएच २४, एमएच २६ ने सुरू होणारा गाडीचा नंबर
- मुलांची नावे, जन्मतारखा, मोबाइल नंबर
- देवाचे किंवा महापुरुषाचे नाव आणि पुढे १२३
- बँकेचा किंवा ईमेलचा आधीच वापरात असलेला पासवर्ड

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द घ्या, इंग्रजी लिपीत टाइप करा, मध्ये रिकामी जागा सोडा. शब्द मनाने ठरवू नका. शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. 'घागर सायकल तूर वकील पोपट हिशेब' असा काहीतरी पासवर्ड बनतो. तो लक्षात राहतो आणि ओळखता येत नाही. हेच उदाहरण मात्र वापरू नका, ते आता छापून आले आहे.

देवनागरीत पासवर्ड ठेवू नका. तुमच्या संगणकावर इनस्क्रिप्ट असेल, दुसऱ्यावर वेगळी कळफलक मांडणी असेल, आणि विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर तर मराठी कळफलक मिळणारच नाही. स्पेलिंगही ठरवून कागदावर लिहा. 'तूर' लिहिताना एक यू की दोन ओ, यात चावी हरवते.

पेन ड्राइव्ह, झेरॉक्स सेंटर आणि आपले सरकार सेवा केंद्र

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर प्रवेशाच्या दिवसांत उभे राहून पाहा. काउंटरवरच्या संगणकात एकामागून एक व्हॉट्सॲप वेब उघडते, फाइल उतरते, प्रिंट निघते, पुढचा नंबर. मात्र उतरलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच राहते. व्हॉट्सॲपवरचा संदेश वाटेत एन्क्रिप्टेड असतो, पण दुसऱ्याच्या संगणकावर उतरलेली प्रत साधी, उघडी असते.

- सगळ्या कुटुंबाची कागदपत्रे असलेला पेन ड्राइव्ह दुकानात नेऊ नका. त्या कामाला लागणारी एक-दोन पानेच असलेला वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि घरी येऊन फॉरमॅट करा.
- प्रिंट झाल्यावर "दादा, फाइल डिलीट करा आणि रीसायकल बिनमधूनही काढा" असे म्हणा. यात संकोच नको.
- व्हॉट्सॲप वेबमधून लॉग-आउट झाल्याची खात्री फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये करा.
- व्हेराक्रिप्टचा किंवा मुख्य पासवर्ड दुकानातल्या संगणकावर कधीही टाइप करू नका. तिथल्या यंत्रात कळा नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअर असेल तर चावीच जाते.
- घर-ऑफिस असा फिरणारा पेन ड्राइव्ह विंडोज प्रोवर राइट क्लिक करून बिटलॉकरने एन्क्रिप्ट करा. विंडोज होमवर असा ड्राइव्ह तयार करता येत नाही, पण पासवर्ड देऊन उघडता येतो.

दुरुस्तीला देताना

- शक्य असेल तर डिस्क घरीच काढून ठेवा. स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंगच्या कामाला बहुधा तिची गरज नसते.
- मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट केले तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्याजवळ आहे हे आधी पाहा. की दुकानात लिहून देऊ नका. स्वतः जाऊन टाका.
- "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका" असे पावतीवर लिहून घ्या.
- विकताना आधी डिस्क एन्क्रिप्ट करा, मग रीसेटमध्ये सगळे काढण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा.

कार्यालयातला संगणक असेल तर

कार्यालयाचा संगणक कार्यालयाच्या मालकीचा असतो. त्यावर परवानगीशिवाय एन्क्रिप्शन चालू करू नका. तुम्ही रजेवर गेलात किंवा बदली झाली, आणि कामाच्या फाइल अडकल्या, तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. संगणक विभागाला किंवा वरिष्ठांना लेखी विचारा, आणि रिकव्हरी की कार्यालयात सीलबंद कोणाकडे राहील ते ठरवून घ्या. स्वतःची घरगुती कागदपत्रे तिथे ठेवूच नका.

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, कोचिंग क्लासचे चालक, नांदेडच्या डॉक्टर लेनमधले डॉक्टर, वकील आणि कर सल्लागार यांच्याकडे तर दुसऱ्यांची माहिती असते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, रुग्णांचे रिपोर्ट, अशिलांची कागदपत्रे उघड्या डिस्कवर ठेवणे ही आपली खासगी हयगय राहत नाही, ती दुसऱ्याचे नुकसान करते. अशांनी संपूर्ण डिस्क आणि बॅकअपची डिस्क, दोन्ही एन्क्रिप्ट केल्याच पाहिजेत.

कायदा काय म्हणतो, तुमचे हक्क कोणते

- स्वतःच्या फाइल एन्क्रिप्ट करणे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. एन्क्रिप्शनवर निर्बंध सुचवणारा केंद्राचा २०१५ मधला धोरणाचा मसुदा टीका झाल्यावर मागे घेतला गेला होता.
- सरकारचे अधिकार आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, कारणे लेखी नोंदवून, माहिती उलगडून देण्याचा आदेश देता येतो. तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपीने स्वतःचा पासवर्ड सांगावा की नाही, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत. अशी वेळ आली तर आधी वकिलाशी बोला.
- जप्तीच्या वेळी पंचनाम्याची प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण व्हायला हवे.
- कोणी परवानगीशिवाय तुमचा डाटा उतरवून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ लागू होऊ शकतात. तुमचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीसाठी वापरली तर कलम ६६-सी आहे. सेवा देताना मिळालेली माहिती विश्वासघाताने उघड केली तर कलम ७२-ए आहे.
- तुमची माहिती घेणाऱ्या संस्थेकडून ती कशासाठी घेतली, कोणाला दिली हे विचारण्याचा आणि ती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याचा हक्क डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे हक्क आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. एन्क्रिप्शनसारखे सुरक्षा उपाय योजणे त्यात अपेक्षित आहे, आणि हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. निव्वळ घरगुती वापराला हा कायदा लागू नाही, क्लास आणि रुग्णालयांनी मात्र आताच तयारी करावी.

लॅपटॉप चोरीला गेला तर

१. जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच तक्रार द्या, प्रत घ्या. हद्दीच्या कारणावरून परत पाठवले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करा.
२. दुसऱ्या यंत्रावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सर्व उपकरणांवरून लॉग-आउट व्हा.
३. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा.
४. डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती का, हे तक्रारीत लिहा. लॅपटॉप झोपवलेल्या अवस्थेत गेला की पूर्ण बंद होता, तेही लिहा. प्रवासात तो पूर्ण बंद करूनच बॅगेत ठेवावा.

घरच्यांना सांगून ठेवा

घरातल्या कर्त्या माणसाला काही झाले, तर विमा, ठेवी आणि जमिनीचे कागद त्याच्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कमध्ये अडकून पडतात. तिथे वारस दाखला कामाला येत नाही, कोणत्याही न्यायालयाचा आदेश ती डिस्क उघडू शकत नाही. पती-पत्नींनी एकमेकांना पाकीट कुठे आहे ते दाखवावे. पाकिटात पासवर्ड, रिकव्हरी की आणि 'संगणक असा उघडायचा' हे चार ओळींत साध्या मराठीत लिहावे.

येत्या रविवारी एवढे करा. सकाळी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. मग खाते कोणाचे आहे ते तपासून पासवर्ड कागदावर उतरवा. दुपारी एन्क्रिप्शन चालू करा, रिकव्हरी की त्याच कागदावर उतरवा, काम संध्याकाळपर्यंत पूर्ण होऊ द्या, आणि बाहेरच्या डिस्कलाही कुलूप लावा. शेवटी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला समोर बसवा आणि फक्त पाकिटातल्या कागदावरून ती बाहेरची डिस्क उघडायला सांगा. तिला उघडता आली तर काम पुरे झाले. नाही आली, तर कागदावर काय राहिले ते त्याच वेळी लिहून काढा.